खेळाडूचा चेहरा कोणाचा?

आमचे आयुष्य गिरण्यांच्या दारांत सभा घेण्यात गेले. तेव्हा खेळातील कॉपीराइट आणि व्यापारचिन्हे यांवर आम्ही काय बोलणार, असे तुम्हांस वाटेल. पण हा प्रश्नही घामाच्या मोबदल्याचाच आहे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करू. सामना हा कोणी रचलेला ग्रंथ नव्हे. म्हणून खुद्द सामन्यावर कॉपीराइट नसतो, तो त्याच्या चित्रणावर असतो. खिशातल्या यंत्रावर चालू सामन्यांचे गुण कळवणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेतील बास्केटबॉल मंडळाने दावा लावला, तेव्हा १९९७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की गुणसंख्या ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावर कोणाची मालकी नाही. दुसरी गोष्ट व्यापारचिन्हाची. संघाचे नाव, टोपीवरील खूण ही क्लबाची मालमत्ता. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडूचे स्वतःचे नाव आणि चेहरा.

गिरणीच्या ताग्यावर मालकाचा छाप असतो, विणकऱ्याचे तोंड नसते. खेळात मात्र खपतो तो विणकऱ्याचा चेहराच!

अमेरिकेत च्युइंगमच्या पुड्यात बेसबॉल खेळाडूंची चित्रे घालून विकत. अशा दोन कंपन्यांच्या भांडणात १९५३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या चित्राच्या वापराची परवानगी विकण्याचा हक्क खेळाडूस आहे. हक्क मिळाला, भाव मात्र मिळाला नाही. टॉप्स ही कंपनी पोरसवदा खेळाडूंना एकेकटे गाठून करार करून घेई आणि वर्षाला १२५ डॉलर देई. एकट्याने सही करणाऱ्याला भाव कोण देणार?

१९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधील अर्थतज्ज्ञ मार्व्हिन मिलर हे खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. त्यांनी टॉप्सकडे वाढ मागितली. कंपनीने नकार दिला. तेव्हा मिलर यांनी सभासदांस सांगितले, की नवे करार करू नका, छायाचित्रासाठी उभे राहू नका. खेळाडू उभे राहिले नाहीत. कंपनीला जुनी चित्रे पुन्हा वापरावी लागली. अखेर १९६८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकी २५० डॉलर, शिवाय ४० लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर ८ टक्के आणि त्यापुढे १० टक्के. न मैदान बंद पडले, न एक दगड उचलला गेला. ज्याला आम्ही संप म्हणतो, तोच हा. फक्त हत्यार कॅमेऱ्यापुढे न जाण्याचे होते.

आपल्याकडे काय? १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या हक्काला २५ वर्षांचे संरक्षण आहे. पण खेळाडूच्या चेहऱ्यासाठी वेगळा कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ च्या एका अंतरिम आदेशात, जगजाहीर माहितीसह क्रिकेटपटूंची नावे व रेखाचित्रे खेळाच्या ॲपमध्ये वापरण्यास मज्जाव केला नाही. आणि २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना आहे ती निवृत्तांची.

माहिती सर्वांची असावी, हे आम्हांसही मान्य आहे. गुणफलकाला कुलूप नको. परंतु चेहरा विकून जो नफा होतो, त्यात चेहऱ्याच्या धन्याचा वाटा हवा. नामांकितांचे दलाल तो मिळवतीलच. प्रश्न आहे संघातील अकराव्या खेळाडूचा. त्याचा वाटा कायद्याने नुसता लिहून भागत नाही. तो मागायला बाकीचे दहा जण बरोबर उभे राहावे लागतात.