सायकल मुलाच्या मापाची घ्या
ईदी जमली की मुलं गिअरची सायकल मागतात. आपण म्हणतो, ‘मोठीच घेऊ, दोन-तीन वर्षं चालेल.’ सुरगाण्याच्या चढउतारावर ही काटकसर महागात पडते. उतारावर पाय टेकला नाही की तोल गेलाच.

दुकानात २४ किंवा २६ इंच सांगतात, ते चाकाचं माप. फ्रेमचं माप वेगळं, तेही विचारा. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून मुलाला उभं करा. जांघ आणि दांडीत किमान दोन इंच जागा हवी. मग सीटवर बसवा. खालच्या पेडलवर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. बोटं ब्रेकपर्यंत सहज पोहोचतात का, तेही बघा.

आम्ही शिक्षक पालकांना एवढंच सांगतो: सीट खाली घेता येते, फ्रेम छोटी होत नाही.