व्यायामाच्या खांद्यावर किती ओझं?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांच्या गच्च्या गजबजल्या. पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या, कानात इयरफोन, दर दोन फेऱ्यांनंतर फोनमध्ये पावलांचा आकडा बघणं. त्यावरून ‘त्या काळात सगळेच व्यायामाला लागले’ असा समज रूढ झाला. गच्चीवरचे दिसत होते, घरात सोफ्यावर पडलेले दिसत नव्हते, इतकंच. १८७ देशांतल्या साडेचार लाखांवर फोनधारकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा महासाथ जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत रोजची सरासरी पावलं सुमारे २७ टक्क्यांनी घटलेली आढळली.

‘व्यायाम करणाऱ्याला करोना होत नाही’ हेही तसंच. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० करोनाबाधितांच्या अभ्यासात आजारापूर्वी जवळजवळ हालचालच न करणाऱ्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांच्या सव्वादोन पट निघाली, मृत्यूची अडीच पट. आकडे बोलके आहेत. पण लागण यातल्या प्रत्येकालाच झाली होती, व्यायामवाल्यांनाही. विषाणू अडवायला मास्क, मोकळी हवा आणि लसच लागते.

सर्वांत लाडका गैरसमज मात्र वेगळाच : एकदा व्यायाम अंगवळणी पडला की बाकीच्या सवयी आपोआप सुधारतात. व्यायाम करणारी माणसं बहुधा नीट जेवतात, वेळेवर झोपतात, हे खरं. पण ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि चालायला मोकळी जागा असते त्याला हे सगळंच जमतं. एका सवयीने दुसरीला ओढून आणलं असं त्यावरून ठरत नाही. सिगारेटचंच घ्या. थोडा वेळ भरभर चाललं की तलफ तेवढ्यापुरती दबते, पण त्याने सिगारेट कायमची सुटते याला भरवशाचा पुरावा नाही. खाण्याचा हिशेब तर आणखी रोखठोक. अर्धा तास चालून साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि परतताना खाल्लेल्या एका वडापावात त्याच्या दुप्पट येतात. झोपेला व्यायामाची थोडी मदत होते, पण रात्री दीडपर्यंत वेबसिरीज बघून पहाटे पाचला फिरायला जाणारा ती मदत स्वतःच उधळतो.

‘सकाळी चाललो, आता दिवसभर बसलं तरी चालेल’ हे अर्धवट खरं आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१६ मध्ये असं दिसलं, की आठ तासांहून जास्त बसण्याचा धोका भरून निघतो, पण त्यासाठी रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम हवा. वीस मिनिटांच्या फेरीत ते भागत नाही.

उलट, घरकामाला लोक व्यायामात धरतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत घरकामही मोजलं आहे. सलग दहा मिनिटांची जुनी अटही गेली. दम लागेल इतक्या जोराने फरशी पुसली तर तो व्यायामच. (ज्या घरात फरशी एकच व्यक्ती पुसते, तिथे हे मोठ्याने वाचावं.) स्नायूंच्या बळकटीसाठी मात्र आठवड्यातून दोनदा वेगळा व्यायाम हवाच.

आणि करोना होऊन गेला असेल तर लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान सात दिवस थांबा, मग हलक्या चालण्यापासून सुरुवात करा. छातीत दुखलं, धडधडलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.