कावीळ कधी झालीच नव्हती, तरीसुद्धा...

नावाआधी 'डॉक्टर' लागले की मंडळाच्या कार्यक्रमात माणसाची सुटका नसते. गणपतीची आरती झाली, प्रसाद हातात पडला, की कोणी ना कोणी जवळ येऊन हळूच विचारतेच, "जरा हा रिपोर्ट बघता का?" आमची डॉक्टरकी रसायनशास्त्राची, औषध लिहून देण्याची नव्हे, हे आम्ही दरवेळी सांगतो. तरीही कागद पुढे येतोच आणि आम्हीही तो बघतो. असे बरेच कागद पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कोलेस्टेरॉल, साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांचे आकडे आपल्या मंडळींना तोंडपाठ असतात. पण हेपटायटिस बी ची तपासणी जवळजवळ कोणाच्याच कागदावर नसते. विचारले तर उत्तर ठरलेले: "छे हो! आमच्या घरात कावीळ कोणालाच झालेली नाही."

हे उत्तर अगदी प्रामाणिक असते, आणि तरीही ते पुरेसे का नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपल्याकडे कावीळ म्हटली की डोळे पिवळे, लघवी पिवळी, मग उसाचा रस, तेल-तूप बंद आणि गळ्यात काविळीची माळ. काही गावांत चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवतात' आणि पाणी पिवळे झालेले सर्वांना दिसते. वनस्पतींतील अनेक द्रव्ये चुन्यासारख्या अल्कलीत पिवळी पडतात, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला लवकरच कळते. रोगी बरा होतो हेही खरे. त्याचे कारण असे, की दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येणारी हेपटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. (गरोदर बाईला झालेली ई ची कावीळ मात्र जिवावर बेतू शकते.)

हेपटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'पांढरी कावीळ' म्हणतात, त्याची रीत निराळी. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाला लागतो. मोठ्या माणसाला लागला तर बहुधा काही महिन्यांत शरीर त्याला हुसकावून लावते. शंभरांत पाचांपेक्षाही कमी लोकांत तो कायमचा राहतो. पण जन्माच्या वेळी लागला तर शंभरांतील सुमारे नव्वद बाळांत तो मुक्काम ठोकतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्याच्याशी भांडतच नाही. त्यामुळे डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, आईला शंकाही येत नाही. मूल खेळते, शिकते, नोकरीला लागते, विमानात बसून अमेरिकेला येते. विषाणू यकृतात तीस-चाळीस वर्षे गप्प बसलेला असतो.

या विषाणूचा माग अमेरिकेतच लागला आणि तोही वेगळेच काही शोधताना. डॉ. बारूक ब्लुमबर्ग माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते, हे पाहत होते. अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या हीमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झालेली असणार, हा त्यांचा अंदाज होता. अगारच्या जेलीत दोन खळगे करायचे, एकात या रुग्णाचा सीरम आणि दुसऱ्यात जगातून कोठून तरी आणलेला सीरम घालायचा. दोन्ही जेलीत पसरत जातात आणि ओळख पटली तर मध्ये एक पांढरी रेघ उमटते. न्यूयॉर्कच्या एका रुग्णाचा सीरम आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचा सीरम यांच्यामध्ये अशी रेघ उमटली. म्हणून त्या पदार्थाला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' नाव पडले. १९६५ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा संबंध ल्युकेमियाशी असावा असे वाटत होते. पुढे फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक तंत्रज्ञ आजारी पडली. तिने स्वतःचेच रक्त तपासले, तर त्यात तोच अँटिजेन! १९६७ पर्यंत हा हेपटायटिसच्या विषाणूचाच भाग आहे हे दिसू लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रक्तपेढ्या त्यासाठी रक्त तपासू लागल्या, आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले.

कॅन्सरशी असलेला संबंध मात्र आकड्यांनीच सिद्ध करावा लागला. हे काम केले अमेरिकन डॉक्टर पामर बीझली यांनी तैवानमध्ये. त्यांनी २२,७०७ सरकारी नोकरदार पुरुषांचे रक्त तपासले. त्यांपैकी ३,४५४ जणांच्या रक्तात हा अँटिजेन सापडला. मग ते वर्षानुवर्षे थांबून पाहत राहिले. १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: यकृताच्या कॅन्सरने ४१ जण गेले होते आणि त्यांतले ४० जण विषाणू बाळगणारे होते. म्हणजे विषाणू असलेल्यांना हा धोका दोनशे पटींहूनही अधिक. सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचे नाते आपण सहज मान्य करतो. हे नाते त्याहून कितीतरी घट्ट निघाले.

असे का व्हावे? यकृताच्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. प्रत्येक नव्या पेशीबरोबर डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चूक होण्याची संधी वाढते. शिवाय विषाणूच्या डीएनएचे तुकडे आपल्या पेशीच्या डीएनएतच घुसून बसतात. म्हणून यकृत आधी सिऱ्हॉसिसने कडक न होताही हेपटायटिस बी मध्ये कॅन्सर होऊ शकतो. आणि तो होणारा माणूस थेंबभर दारूही न पिणारा असू शकतो, हे मुद्दाम लिहितो. यकृत बिघडले म्हणजे पीत असणार, असा शेरा मारण्याची आपल्याकडे फार घाई असते.

आता चांगली बातमी. हा विषाणू स्वतःपेक्षा हजारो पटींनी जास्त रिकामी टरफले रक्तात सोडतो. ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ मध्येच सुचवले, की ही टरफले वेगळी करून लस करता येईल. तशी लस १९८१ साली अमेरिकेत मंजूर झाली. १९८६ मध्ये तिच्याही पुढची पायरी आली: टरफलाचा जीन पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घालून यीस्टकडूनच ते प्रथिन करून घ्यायचे. आता मानवी रक्ताची गरजच उरली नाही. तैवानने १९८४ पासून बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताचा कॅन्सर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आलेला दिसला. लशीने कॅन्सर टळतो, हे जगाने प्रथमच पाहिले.

अमेरिकेत सर्व अर्भकांना ही लस देण्याची शिफारस १९९१ साली झाली, त्यामुळे इथे जन्मलेल्या आपल्या बहुतेक मुलांना ती मिळालेली आहे. भारतात १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किंमत उतरली. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ पासून काही भागांत आणि २०११ पासून देशभर आली. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेले आम्ही आणि आमचे आईवडील यांना लहानपणी ती बहुधा मिळालीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात २.९८ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. ते आपल्याच घरांतले, आपल्याच वर्गातले लोक आहेत.

आपल्या मंडळातील एका जोडप्याने त्यांची हकीकत नाव न घालता लिहिण्याची परवानगी दिली आहे. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा नेहमीच्या तपासणीत बाईंचा हेपटायटिस बी पॉझिटिव्ह आला. बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस आणि तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन मिळाले. आज मुलगी पूर्ण निरोगी आहे. खरी अडचण पुढे होती. साताऱ्याला आईला फोन करून काय सांगायचे? "तुझ्याकडून आला असेल" हे शब्द कोणत्या मुलीच्या तोंडून निघतील? तीन महिने त्या बोलल्या नाहीत. शेवटी बोलल्या, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मला कुठे कधी कावीळ झाली होती गं?" आईची तपासणी झाली, धाकट्या भावाचीही झाली. दोघेही पॉझिटिव्ह. आईच्या यकृतावर व्रण दिसू लागले होते. तिला रोज एक गोळी सुरू झाली. भाऊ दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो. बाई आम्हाला म्हणाल्या, "मी आईला दोष देतेय असं मला वाटत होतं. आईला वाटलं, मी तिची काळजी घेतेय."

तेव्हा आता करायचे काय? २०२३ साली इथल्या सीडीसीने सर्व प्रौढांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी अशी शिफारस केली. भारतासारख्या देशांत जन्मलेल्यांसाठी तर ती २००८ पासूनच होती. नेहमीच्या वार्षिक रक्ततपासणीत ती असेलच असे नाही, आणि एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून विषाणू नाही असेही नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी मागा: सरफेस अँटिजेन, सरफेस अँटिबॉडी आणि कोअर अँटिबॉडी. पहिली पॉझिटिव्ह असेल तर विषाणू शरीरात आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस घ्या, प्रश्न मिटला. त्याच वेळी हेपटायटिस सी चीही तपासणी करून घ्या. १९८९ मध्ये सापडलेल्या त्या विषाणूवर लस नाही, पण आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांत पंचाण्णवांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात.

बी पॉझिटिव्ह आला तर धीर सोडू नका. टेनोफोव्हिर, एंटेकाव्हिर या गोळ्या विषाणूला समूळ काढत नसल्या तरी दाबून ठेवतात आणि कॅन्सरचा धोका कमी करतात. सर्वांनाच त्या लागतात असेही नाही. ज्यांना धोका जास्त, त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते आणि गाठ लहान असतानाच सापडते.

आणि घरच्यांनी हे लक्षात ठेवावे: एका पंगतीत जेवल्याने, एका ताटातले खाल्ल्याने, मिठी मारल्याने किंवा आईने अंगावर पाजल्याने हेपटायटिस बी पसरत नाही. दाढीचे ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवावेत आणि बाकीच्यांनी लस घ्यावी. वेगळा कप ठेवून कोणाचे यकृत वाचत नाही. माणूस मात्र दुखावतो.

दिवाळीनंतर आपल्यापैकी अनेकांचे आईवडील इथे येतील, किंवा आपण तिकडे जाऊ. साखर आणि ब्लडप्रेशरच्या चौकशीबरोबर हीही एक चौकशी करावी. आम्ही स्वतः गेल्या वर्षी तपासणी करून घेतली. तिन्ही निगेटिव्ह आल्या, म्हणजे पस्तिशीपर्यंत आम्ही लशीवाचूनच होतो! रसायनशास्त्रातली पीएच.डी. त्या बाबतीत काही कामाला आली नव्हती.