संत्र्याच्या नव्या वाणाची परीक्षा

ज्वारीचें नवें बीं फसलें, तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. संत्र्याचें कलम फसलें, तर त्याचीं पांच-सहा वर्षें जातात. आणि तीं गेल्याचें त्याला अखेरच्या वर्षींच कळतें. म्हणून वर्षानुवर्षें टिकणाऱ्या झाडांच्या नव्या वाणांची पारख कशी करावी, हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाहीं. बाजारांत संत्र्यांच्या टोपलीपुढें उभ्या राहणाऱ्या गृहिणीचाही त्याच्याशीं संबंध आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत मंगरुळपीर व कारंजा या बाजूंस संत्र्याच्या बागा आहेत. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मींही घरच्या शेतांत शंभर कलमें लावलीं. वाण नवा आहे, फळ मोठें व गोड येईल, असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. सहाव्या वर्षीं फळ हातीं आलें तें लहान आणि आंबट. शिवाय सखल भागांतील झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळूं लागला आणि तीं वाळलीं. दोष वाणाचा, खुंटाचा, जमिनीचा, कीं माझ्या ओलिताचा? मला उत्तर देतां येईना. कारण तुलनेसाठीं जुन्या नागपुरी संत्र्याचें एकही झाड मीं शेजारीं लावलें नव्हतें.

परीक्षेच्या बागेंत पहिला नियम हाच असतो. नव्या वाणांबरोबर परिचित वाणही लावावयाचा, आणि सर्वांचे डोळे एकाच जातीच्या खुंटावर भरावयाचे. एक वाण जंभेरीवर आणि दुसरा रंगपूर लाईमवर बांधला, तर ती तुलना वाणांची न राहतां खुंटांची होऊन बसते.

दुसरा नियम जमिनीसंबंधीं. एकाच शेतांत वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला चिबड जमीन असते. म्हणून शेताचे, समजा, पांच पट्टे पाडावे; प्रत्येक पट्ट्यांत तीन नवे व एक जुना अशा चारही वाणांचीं चार-चार झाडें, चिठ्ठ्या टाकून जो क्रम निघेल त्या क्रमानें लावावीं. अशीं ८० झाडें होतात. सहा-सहा मीटर अंतरानें त्यांना सुमारें साडेअठ्ठावीस गुंठे लागतात. कडेच्या राखणीच्या ओळी वेगळ्या. त्यांचीं फळें हिशेबांत धरीत नाहींत. ही रीत इंग्लंडांत रॉथम्स्टेड येथें १९१९ सालीं कामास लागलेल्या फिशर यांनीं शास्त्रशुद्ध केली, आणि पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथानें ती आपल्या कृषिसंशोधकांना समजावून दिली.

तिसरा नियम धीराचा. संत्र्याचें झाड एका वर्षीं फळांच्या ओझ्यानें वांकतें आणि पुढच्या वर्षीं विसांवा घेतें. तेव्हां एका बहाराच्या आंकड्यावर निकाल देणें म्हणजे एका विषयाच्या गुणांवर विद्यार्थ्याला उत्तीर्ण करणें होय. आंबिया कीं मृग हें आधीं ठरवून दरवर्षीं तोच बहार घ्यावा. बुंध्याचा घेर, फळांची संख्या व वजन, रसाची गोडी व आंबटपणा, बिया या सर्वांची नोंद करावी आणि अनेक वर्षांची बेरीज पाहावी. मेलेल्या झाडांचीही नोंद हवी; तीं वगळून काढलेली सरासरी फसवी असते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. २००१ च्या कायद्यान्वयें नव्या वाणाची नोंदणी करतांना तो इतरांहून भिन्न, एकसारखा व स्थिर आहे कीं नाहीं, हें पाहतात. झाडें व वेली यांना १८ वर्षेंपर्यंत संरक्षण मिळतें. परंतु भिन्न म्हणजे अधिक चांगला नव्हे. म्हणून कलम घेतांना विचारावें : तुलना कोणत्या वाणाशीं, किती झाडांवर आणि किती वर्षें झाली? उत्तर न मिळाल्यास अकोल्याच्या कृषि विद्यापीठाकडे किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे चौकशी करावी.

वाळलेलीं झाडें काढून तेथें चर खणून मीं पुन्हा कलमें लावलीं आहेत. या वेळीं जुना वाण व नवा वाण शेजारीं शेजारीं आहेत. चिठ्ठ्या नातवानें काढल्या. निकाल लागेल तेव्हां मी पंचाहत्तरीच्या घरांत असेन. नोंदींची वही मात्र आतांपासूनच त्याच्या हातीं दिली आहे.