मिनेसोटा २०२३ : एका मताचे बहुमत

आपल्याकडे राज्यपालांचे अभिभाषण मंत्रिमंडळ लिहून देते. अमेरिकेत गव्हर्नर हा लोकांनी थेट निवडलेला कारभारी असतो; अधिवेशन संपले की हिशेबही तोच मांडतो.

मे २०२३ मध्ये मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. राज्याच्या सिनेटमध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत ३४ विरुद्ध ३३, म्हणजे अवघ्या एका मताचे. तरीही २०४० पर्यंत सगळी वीज कार्बनमुक्त करणे, २०२६ पासून बाळंतपण-आजारपणाची पगारी रजा, तुरुंगातून सुटताच मतदानाचा हक्क, असे कायदे मार्गी लागले.

त्यांत सर्वांत मोलाचा शाळेतल्या जेवणाचा. घरच्या उत्पन्नाची अट नाही. न्याहारी आणि दुपारचे जेवण फुकट. १७ मार्चला मिनीआपोलिसच्या वेबस्टर प्राथमिक शाळेत सही होताच मुलांनी वॉल्झ यांना गराडा घालून मिठ्या मारल्या. राजकारणात येण्याआधी ते स्वतः शाळेत शिकवत.

तिजोरीत सुमारे साडेसतरा अब्ज डॉलरची शिल्लक अपेक्षित होती. ती करकपातीतून लोकांना परत करा, असा विरोधी रिपब्लिकनांचा आग्रह. अखेर सुमारे ७२ अब्जांच्या द्वैवार्षिक अर्थसंकल्पावर २४ मे रोजी राजधानी सेंट पॉलमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, पायऱ्यांवर सही झाली.