भक्ती बर्वे : वाचिक अभिनय आणि विनोद

प्रस्तावना : विनोदी अभिनयाचा विचार करताना हावभाव, अंगविक्षेप व समयसूचकता यांची चर्चा पुष्कळ होते, आवाजाची मात्र त्या मानाने फार कमी. नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. यांपैकी वाचिक अभिनयावर भक्ती बर्वे (१९४८-२००१) यांचे यश मुख्यत्वे उभे होते.

सांगली येथे जन्मलेल्या भक्ती बर्वे सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून पुढे आल्या. आकाशवाणी मुंबई केंद्रावर त्या निवेदिका होत्या. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून त्या घरोघरी परिचित झाल्या. ध्वनिक्षेपकासमोर शब्दाचा शेवट गिळून चालत नाही. श्वास कोठे घ्यावयाचा हेही आधीच ठरवावे लागते. ही शिस्त त्यांना नाटकात उपयोगी पडली, तीही काहीशा अनपेक्षित रीतीने.

‘ती फुलराणी’ : जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी सिद्ध केलेले हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते, तर फुलवाली मंजुळा भक्ती बर्वे यांनी साकारली. शॉ यांच्या नाटकात बोलण्यावरून माणसाचा वर्ग कळतो. मराठीत तेवढ्याने भागत नाही; गाव, जात व शिक्षण हे सारेच उच्चारांतून ओळखले जाते. म्हणूनच हे काम निव्वळ भाषांतराचे नव्हते.

प्रमाण मराठी ही जिची रोजची उपजीविका, त्या अभिनेत्रीला येथे ती भाषा प्रथम बाजूला ठेवावी लागली. ‘अशुद्ध’ बोलून प्रेक्षकांना हसविणे सोपे असते. परंतु ते हसू बहुधा बोलणाऱ्याच्या अडाणीपणाला असते. भक्ती बर्वे यांची मंजुळा ठसक्यात बोलते, आणि हशा उसळतो तो प्राध्यापकाच्या अहंकारावर. तिच्या गाजलेल्या स्वगतात सूडाची स्वप्ने, लटका रुबाब व खरा अपमान हे एकाच आवाजात क्षणाक्षणाला पालटत जातात. उत्तरार्धात भाषा घोटून तयार झाल्यावर निवेदिकेची तीच स्वच्छ वाणी परत येते. मात्र आता ती प्रेक्षकाला अस्वस्थ करते, कारण ही सुधारलेली मुलगी नेमकी कोणाची, असा प्रश्न उरतो. स्वगताच्या लोकप्रियतेपुढे हा भाग काहीसा दुर्लक्षित राहिला, हे खेदाने म्हणावे लागेल.

अन्य भूमिका : कुंदन शहा दिग्दर्शित ‘जाने भी दो यारों’ (१९८३) या हिंदी चित्रपटातील संपादिका शोभा सेन हा याच कौशल्याचा वेगळा आविष्कार होय. ही बाई लबाड आहे, पण आवाज कधी चढवीत नाही. तिच्या गोड, समतोल बोलण्यातच विनोद आहे. ‘आई रिटायर होतेय’ व ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकांत त्यांनी गंभीर भूमिकाही केल्या. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईकडे परतताना, मावळ ओलांडून घाट उतरल्यावर, द्रुतगती मार्गावरील भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी मंजुळा रंगविली. महाविद्यालयीन एकपात्री स्पर्धांतून ते स्वगत आजही सादर होते; मात्र बहुतेक विद्यार्थिनी मंजुळेची बोली न शोधता भक्ती बर्वे यांचे चढउतारच पाठ करतात.