दोन रिळांचा हशा

मराठवाड्यात चार्ली चॅप्लिन ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा पोरगा काजळाची मिशी काढून, काठी फिरवत येतोच. भा. द. खेरांचं ‘हसरे दुःख’ वाचून हळवे झालेले वाचकही नांदेड-लातुरात पुष्कळ भेटतात. पण चार्लीचा दोन रिळांचा एखादा चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्या मूळ वेगानं पाहिलाय का, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. चार्लीच्याच काळातल्या मूक विनोदवीर बस्टर कीटनचं तर नावही क्वचित कानावर आलेलं असतं. या मूक विनोदपटांना आपण ‘पोरांचा धांगडधिंगा’ म्हणून बाजूला सारलं. पण आपण पाहिलं ती मूळ कलाकृती नव्हतीच. तिची झिजलेली, पळवलेली, छाटलेली नक्कल आपल्या वाट्याला आली होती.

ती आली कशी? आधी दूरदर्शनवर तुटक तुटक. मग टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्यानं आणून गल्लीनं एकत्र तीन-तीन पिक्चर पाहण्याच्या दिवसांत, दोन हिंदी पिक्चरांच्या मध्ये भर म्हणून. गणपतीत रस्त्यावर पडदा बांधला की ऑपरेटर कॅसेट बदलेपर्यंत लोक उठून जाऊ नयेत म्हणून. पुढं व्हीसीडी आली. २००७च्या सुमारास मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत चकत्यांचे ढीग लागले. त्यात ‘चार्ली चॅप्लिन कॉमेडी’ अशा नावाची, आत काय आहे याचा पत्ता नसलेली एखादी चकती हमखास असे. चॅप्लिनच्या सुरुवातीच्या लघुपटांवर अमेरिकेत कुणाचा हक्क उरला नव्हता. त्यामुळं कुणीही उठावं, नकलेची नक्कल काढावी आणि वर वाटेल ते संगीत चिकटवावं, असा कारभार जगभर चालला होता. आपल्याकडं आला तो त्याचाच शेवटचा गाळ.

त्यातलं सगळ्यांत मोठं नुकसान वेगाचं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी पडायच्या, आणि विनोदी चित्रपटांत कॅमेरा मुद्दाम जरा सावकाश फिरवून पडद्यावरची हालचाल चपळ करायची रीतही होती. पण किती चपळ, हे दिग्दर्शक मोजून ठरवत असे. बोलपट आल्यावर यंत्रं सेकंदाला चोवीस चौकटींवर पक्की झाली, आपल्या टीव्हीवर तर पंचवीस. हजार फुटांच्या एका रिळात सोळा हजार चौकटी असतात. सोळाच्या वेगानं ते रीळ सोळा-सतरा मिनिटं चालतं, चोवीसच्या वेगानं अकरा मिनिटांत संपतं. ही तफावत माणसाच्या चालण्यातून कापली जाते. विचार करून टाकलेलं पाऊल तुरुतुरु होतं, डोळ्यांतला अचंबा उमटण्याआधीच पुसला जातो. मूकपट म्हणजे पळापळ, हा समज इथून रुजला.

दुसरं नुकसान चित्राचं. व्हीसीडीच्या चित्रात उभ्या दिशेनं जेमतेम २८८ रेघा. १९१६च्या ‘द पॉनशॉप’मध्ये एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला येतं. चार्ली आधी डॉक्टरसारखा स्टेथोस्कोप लावून घड्याळाची छाती तपासतो. मग डबा फोडायच्या हत्यारानं ते उघडतो, वास घेतो, आतली स्प्रिंग फुटपट्टीनं मोजल्यासारखी ओढत काढतो. काउंटरवर पडलेले सुटे भाग वळवळायला लागतात तेव्हा त्यांच्यावर तेल सोडतो. शेवटी तो सगळा चुरा गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून, मान हलवून, माल नाकारतो. हा प्रसंग बोटांच्या टोकांवर चालतो. स्प्रिंगच दिसली नाही तर उरतो फक्त एक मिशीवाला माणूस, काहीतरी खुडबुड करणारा.

हे चित्र पालटलं ते जुन्या फिती धुंडाळणाऱ्या मंडळींमुळं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, इटलीतल्या बोलोन्याचं चित्रपट संग्रहालय आणि पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स यांनी देशोदेशीच्या प्रती जमवल्या, चौकट-चौकट ताडून पाहिली आणि चॅप्लिनच्या १९१४मधल्या किस्टोन कंपनीच्या चित्रपटांचा संच २०१०मध्ये डीव्हीडीवर आणला. त्याच वर्षी ‘अ थीफ कॅचर’ या विसरलेल्या चित्रपटाची प्रत अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या विक्रीत सापडल्याचं जाहीर झालं, आणि त्यात पोलिसाच्या वेशात चक्क चॅप्लिन निघाला. लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधली केक फेकाफेकीची लढाई पिढ्यान्‌पिढ्या तुकड्यांतच पाहिली गेली होती. तिचं रीळ २०१५मध्ये एका दिवंगत संग्राहकाच्या संग्रहातून बाहेर आलं.

माझं मन मात्र कीटनवर बसलं. डोंबाऱ्याच्या पोरासारखा तो लहानपणापासून रंगमंचावर बापाच्या हातून फेकला जात वाढला. पडायचं कसं, हे त्याला चालण्याइतकंच अंगवळणी होतं. ‘वन वीक’ हा १९२०चा लघुपट घ्या. नवपरिणीत जोडप्याला सुट्या भागांत बांधलेलं घर आहेर मिळतं. मत्सरी माणूस खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो आणि घर वेडंवाकडं उभं राहतं. वादळात ते गरगर फिरतं, शेवटी रेल्वेच्या रुळांवर अडकतं. गाडी येते. दोघं डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. नवरा-बायको सुस्कारा सोडतात, आणि तेवढ्यात उलट्या दिशेनं दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. खरं घर, खरी गाडी, कॅमेरा लांब आणि स्थिर. कीटन त्या ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावतो, वर बांधणीचं माहितीपत्रकही अडकवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. औसा-निलंग्याच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर घर पडणं हा हसण्याचा विषय सहजी होत नाही. तरी हा चित्रपट तिथंही पाहावा असं मला वाटतं, कारण कीटन पडलेल्या घराला हसत नाही. पुन्हा उठून चालणाऱ्या माणसाकडं तो आपली नजर वळवतो.

असा अंगानं केलेला विनोद आपल्याला नवखा. आपला तमाशातला सोंगाड्याही हजरजबाबी, पण त्याची मदार शब्दावर. आपला प्रेक्षक शब्दातलं टायमिंग चटकन पकडतो. अंगातलं टायमिंग पाहायची सवय ‘पुष्पक’सारख्या संवाद नसलेल्या एखाद्या अपवादानं लावली, तीही १९८७मध्ये.

आता आपल्या घरचं पाहू. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्याच खेळात नाच, कसरती आणि विनोदी तुकडेही होते. फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपट दाखवला. म्हणजे मराठी माणसाच्या हातचा विनोदी लघुपट चॅप्लिनच्या उमेदवारीच्याच काळातला. तो आज नाही. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेहून अधिक चित्रपट झाले, त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले जेमतेम तीसच्या घरात. विनोदातलं ठळक नाव एकच, कालिपद दास यांचा बंगाली ‘जमाईबाबू’, १९३१चा. खेड्यातला जावई कलकत्त्यात येऊन भांबावतो, आणि त्याच्या चालीत चार्ली स्वच्छ दिसतो. बाकीचे गेले कुठं? तेव्हाची नायट्रेटची फीत भसकन पेट घेते. जानेवारी २००३मध्ये पुण्यात जुन्या फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीत अशी हजारो रिळं गेली. बाकीची चांदी काढण्यासाठी आणि भंगारात आपण स्वतःच घालवली.

अमेरिकेतही मूळ फिती अशाच गेल्या. तिथं कित्येक विनोदपट वाचले ते घरगुती प्रतींमुळं. फ्रान्सच्या पाथे कंपनीनं १९२२मध्ये साडेनऊ मिलिमीटरची आणि कोडॅकनं १९२३मध्ये सोळा मिलिमीटरची न पेटणारी फीत काढली. लोक भाड्यानं वा विकत रिळं आणून दिवाणखान्यात खेळ करत. मूळ नष्ट झालं आणि माळ्यावरची ही प्रत तेवढी राहिली, असे चित्रपट गोळा करून संगीतकार बेन मॉडेलनं २०१३पासून डीव्हीडीचे भाग काढले. अशा चित्रपटांवरच्या प्रेमापोटी केलेली ही कामं मला मोठ्या संस्थांच्या कामांइतकीच मोलाची वाटतात.

म्हणून नांदेड-लातूरच्या वाचकांना विनंती आहे. माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा आणि अशा कितीतरी जत्रांतून तंबूतला सिनेमा हिंडवणाऱ्यांची घराणी अजून आहेत. बंद पडलेल्या थिएटरांच्या मागच्या खोल्या आहेत, जुन्या शाळांत प्रोजेक्टरच्या पेट्या आहेत. त्यात मूकपटच निघेल असं नाही. जाहिरात निघेल, वार्तापट निघेल, एखाद्या विनोदपटाचं अर्धं रीळही निघेल. पत्र्याचा डबा दिसला तर भंगारवाल्याला देऊ नका. ऊन आणि आगीपासून लांब ठेवा, फीत ओढून पाहू नका, डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. आणि या दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन ‘वन वीक’ची चांगली, योग्य वेगाची प्रत जरूर पाहा. वीसेक मिनिटांचा खेळ आहे.